गाजर गवत, इसब आणि आपली ग्रामसभा

मा. सरपंच,
ग्रामपंचायत माण, ता. मुळशी, जि. पुणे.



येत्या 1 मेच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत गाजर गवताचा विषय घ्यावा, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. साधा अर्ज दिला असता तर तो स्वच्छतेच्या फायलीत लागला असता. माझे म्हणणे आजाराबद्दल आहे. या गवताने होणारा इसब माझ्या घरात आहे आणि तो नुसत्या औषधाने आटोक्यात येत नाही, हे आम्ही रोज पाहतो आहोत. म्हणून आपल्याला आणि आपल्यामार्फत सगळ्या गावाला हे सांगायचे आहे.

माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, उभा जन्म भाताच्या खाचरात आणि उसात राबले. बरीच जमीन प्रकल्पांत गेली. जी उरली तिच्या बांधावर ते अजून रोज सकाळी फेरी मारतात. एका पावसाळ्यात त्यांच्या पापण्या सुजल्या आणि मानेला खाज सुटली. दिवाळीपर्यंत ते आपसूक उतरले, म्हणून कोणी मनावर घेतले नाही. पुढच्या पावसाळ्यात खाज परत आली, ती कोपराच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यामागेही. मग एका वर्षी थंडी पडली तरी गेली नाही. आज आबांच्या मानेची कातडी जाड आणि काळी पडली आहे, तिच्यावरच्या रेघा खोल गेल्या आहेत. कपाळावर आडव्या वळ्या आल्या आहेत. रात्री झोपेत खाजवतात आणि सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. बंडी आणि सदऱ्याखालची पाठ आणि पोट मात्र अगदी स्वच्छ आहे.

त्वचारोगतज्ज्ञांनी आधी हेच पाहिले. अंगाचा उघडा भाग बिघडलेला आणि झाकलेला भाग चांगला, म्हणजे त्रास देणारी वस्तू हवेतून येते आहे. नुसते उन्हाचे दुखणे असते तर पापण्या, कानामागचा भाग, हनुवटीखालची सावलीतली जागा सुटली असती. आबांच्या या जागा सगळ्यात जास्त पेटलेल्या होत्या, कारण उडत आलेली भुकटी घामाबरोबर खोबणीत आणि घडीत साठते. मग पाठीवर पट्ट्या चिकटवून पॅच टेस्ट झाली. दोन दिवसांनी पट्ट्या काढल्या, त्यानंतर एकदा पुन्हा पाठ तपासली. गाजर गवताच्या अर्काची जागा लाल होऊन फुगली होती.

हा आजार पुण्याला नवा नाही, उलट भारतात त्याची ओळखच पुण्यात झाली आहे. 1956 साली वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी पुण्यात सापडलेल्या या अमेरिकी तणाची नोंद बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये छापली. परदेशी गव्हाबरोबर त्याचे बी आले, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. पुढे 1968 साली पुण्याच्या डॉ. लोणकर आणि डॉ. जोग यांनी या गवताने झालेल्या त्वचारोगाची हकीगत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. 1974 मध्ये डॉ. लोणकरांनीच मिचेल आणि कॅलनन या परदेशी तज्ज्ञांबरोबर लंडनच्या सेंट जॉन्स रुग्णालयाच्या त्वचारोग संस्थेच्या नियतकालिकात त्यावर सविस्तर लिहिले, आणि जगभरच्या डॉक्टरांना पुण्याच्या शेतकऱ्यांच्या अंगावरचा हा इसब ठाऊक झाला. शेजारच्या कर्नाटकाने 1975 सालीच या गवताला उपद्रवी तण म्हणून जाहीर केले. देशात ज्या जिल्ह्यात हे दुखणे पहिल्यांदा ओळखले गेले, त्याच जिल्ह्यातल्या माणसाने अर्धशतकानंतरही मेडिकलमधून एकामागून एक ट्यूब आणून चोळत बसावे, याचे मला फार वाईट वाटते.

आपण गवत रोज पाहतो, पण जवळून क्वचित पाहतो. पानाच्या दोन्ही बाजूंना आणि देठावर अतिशय बारीक लव असते. तिच्यात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. झाड हिरवे असताना हात लागला तर ते अंगाला लागतेच, पण खरा उपद्रव ते वाळल्यावर सुरू होतो. वाळक्या पानांचा, लवेचा आणि फुलांचा चुरा वाऱ्यावर उडतो. त्यामुळे ज्याने गवताला बोटही लावले नाही, त्याच्याही पापण्या सुजू शकतात. सगळ्यांना हे होत नाही. महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे संपर्क आला की काहींचे शरीर त्या द्रव्याला शत्रू मानू लागते. एकदा ही ओळख पक्की झाली की ती सहसा जन्मभर टिकते. म्हणूनच हा आजार बहुतेक वेळा चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या, शेतात आणि उघड्यावर वावरणाऱ्या माणसांना गाठतो. जुना झाला की काहींना ऊनही सोसत नाही. क्वचित सगळे अंग लाल होऊन सोलवटते आणि रुग्णालयात दाखल व्हावे लागते.

आता माणकडे पाहा. राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा तिसरा टप्पा आपल्या हद्दीत, मेट्रो तीनचा डेपो आपल्या हद्दीत, टोलेजंग टाऊनशिपही आपल्याच हद्दीत. या सगळ्याची मी तक्रार करत नाही, आमच्या घरातली मुले तिथेच नोकरी करतात. पण उकरलेली, मुरूम टाकलेली आणि नंतर वर्षानुवर्षे पडून राहिलेली जमीन हे या गवताचे माहेर आहे. जिथे खाचर होते तिथे नांगर फिरायचा, पाणी उभे राहायचे, गवताला वाव मिळत नव्हता. आता तिथे पत्र्याच्या कुंपणाआड रिकामा प्लॉट आहे, रस्त्याकडेला राडारोडा आहे आणि मालकाचा पत्ता गावात कोणाला ठाऊक नाही. पहिल्या पावसानंतर तिथे गाजर गवत उगवते आणि गणपतीपर्यंत कमरेला येते. एका झाडाला 15 ते 25 हजार बिया धरतात. गुरे त्याला तोंड लावत नाहीत, आणि नाइलाजाने खाल्ले तर दूध कडवट येते. म्हणजे चरून ते कमी होईल, अशीही आशा नाही.

डॉक्टरकडे जाण्याआधी आबांच्या बाबतीत बराच काळ जे चालले, ते आज घरोघरी चालते आहे, म्हणून त्यावर थोडे थांबते. खाज सुटली की माणूस मेडिकलमध्ये जातो आणि 'खाजेची ट्यूब द्या' म्हणतो. मिळते ती बहुतेक वेळा मिश्र मलमाची: त्यात एक जहाल स्टेरॉइड, एक जंतुनाशक, एक बुरशीनाशक. स्टेरॉइडमुळे खाज दोन दिवसांत थांबते, माणूस खूश होतो. मलम थांबवले की दुप्पट जोराने उठते. मग पुन्हा तीच ट्यूब. महिने गेले की कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, जांघेत आणि काखेत पांढऱ्या भेगांसारखे पट्टे उमटतात, ते जात नाहीत. आणि मूळ दुखणे इसब नसून नायटा असेल, तर स्टेरॉइडमुळे बुरशी आतल्या आत पसरत जाते. आज नायटा हट्टी होऊन बसला आहे त्यात या मलमांचा मोठा वाटा आहे. सरकारने हे ओळखले आहे. मार्च 2018 मध्ये अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावीत असा बदल झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 328 मिश्र औषधांवर बंदी आली, त्यांत अशी मलमेही होती. तरी काउंटरवर मागणारा मागतो आणि देणारा देतो. गावातल्या मेडिकल दुकानदारांना ग्रामसभेत सन्मानाने बोलवावे आणि चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड देऊ नका, एवढे सांगावे. ते आपलेच लोक आहेत, ऐकतील.

स्टेरॉइड मलम वाईट नाही, हेही त्याच सभेत सांगायला हवे. इसबाचा भडका विझवायला ते लागतेच. किती जहाल, कुठे आणि किती दिवस, एवढे डॉक्टरांनी ठरवायचे. पापणीला आणि चेहऱ्याला सौम्य, तळहाताच्या जाड कातडीला जास्त ताकदीचे. मोजमापही सोपे आहे: तर्जनीच्या शेवटच्या पेऱ्यावर ट्यूबमधून जेवढी रेघ येते, तेवढे मलम दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. आजार जास्त असेल तर डॉक्टर ॲझाथायोप्रिन किंवा मेथोट्रेक्सेट देतात, त्यासाठी रक्त नियमित तपासावे लागते. जवळच्या दवाखान्यात सुई टोचून एका रात्रीत उतरवून घ्यायचे आणि भडकले की पुन्हा सुई, ही पद्धत सोडायला हवी. अशी सुई बहुधा स्टेरॉइडची असते. वारंवार घेतली तर साखर वाढते, रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, आणि तिचा अंमल ओसरला की इसब आणखी पेटतो.

बाकीचे काम घरातले आहे आणि तेच रोजचे आहे. शेतावरून आल्या आल्या आबांचे कपडे बदलून वेगळ्या बादलीत जातात. आंघोळ कोमट पाण्याने, थोडक्यात, साबण गरजेपुरता. दगडाने घासणे बंद. पंच्याने अंग पुसायचे नाही, टिपायचे, आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल किंवा व्हॅसलीन लावायचे. कोरडी कातडी जास्त खाजते आणि खाजवली की फुटते, म्हणून हे तेल औषधाइतकेच महत्त्वाचे आहे. नखे कापलेली. बाहेर पडताना पूर्ण बाह्यांचा सदरा आणि मानेभोवती धुतलेले उपरणे. कपडे गवताच्या बाजूच्या तारेवर वाळत घालायचे नाहीत आणि उन्हाळ्यात कितीही उकडले तरी ओट्यावर झोपायचे नाही. दसऱ्याला शेवंतीचे हार ओवायची आबांना फार हौस होती, तीही सोडावी लागली, कारण शेवंती आणि गाजर गवत एकाच कुळातली. एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसरीही बाधू शकते.

काही समजुती मात्र मनापासून सोडाव्यात. हा इसब संसर्गजन्य नाही. आबांचे ताट वेगळे ठेवायची गरज नव्हती आणि त्यांच्या मांडीवर नातवाने बसल्याने काही झाले नाही. वांगे, दही, लोणचे बंद केल्याने हा इसब जात नाही, कारण तो पोटातून आलेलाच नसतो. पथ्याच्या नावाखाली म्हाताऱ्या माणसाची भाकरी कोरडी करू नये. रुईचा चीक तर अजिबात लावू नये. त्याने कातडी भाजते आणि इसबावर जखमेची भर पडते.

पण सरपंच, एवढे सगळे करूनही आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर रिकामा प्लॉट फुलला की आबांच्या पापण्या पुन्हा सुजतात. डॉक्टरांची चिठ्ठी त्या कुंपणापाशी संपते. तिथून पुढचे काम पंचायतीचे आहे, दुसरे कोणी ते करू शकत नाही.

दरवर्षी 16 ते 22 ऑगस्ट हा गाजर गवत जागृती सप्ताह देशभर पाळला जातो. उत्तरेत पाऊस उशिरा पोहोचतो, तिथे हा सप्ताह ठीक असेल. आपल्या मुळशीत जूनमध्ये पाऊस लागतो आणि उगवल्यापासून महिना-सव्वा महिन्यात गवताला पांढरी फुले येतात. ऑगस्टच्या मध्यावर आपण फुललेले, बी धरलेले गवत उपटत असतो आणि उपटता उपटता पुढच्या वर्षाची पेरणी करत असतो. म्हणून 15 ऑगस्टची ग्रामसभा या कामाला उशिराची आहे. ठराव 1 मेला व्हावा आणि जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, जमीन ओली आणि गवत वीतभर असताना, ते मुळासकट निघावे. तेव्हा ते सहज उपटते आणि फुलांआधी उपटलेले गवत खड्ड्यात शेणाबरोबर कुजवले की खतही होते.

कसे काढायचे, हेही ठरावात लिहून घ्यावे. इंजिनाच्या ग्रास कटरने फुललेले किंवा वाळके गवत कापू नये. मुळे जमिनीत राहतात, गवत पुन्हा फुटते, आणि पात्याने उडालेला चुरा कापणाऱ्याच्या तोंडावर आणि आसपासच्या घरांत जातो. गेल्या पावसाळ्यात रस्त्याकडेला असे कापताना पाहिले, मजुराच्या तोंडाला साधा रुमाल नव्हता. वाळके ढीग पेटवूही नयेत. गवत काढायला बहुतेक वेळा बायका येतात, रोजंदारीवर, उघड्या हातांनी. त्यांना कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे शर्ट आणि मास्क पंचायतीने द्यावेत, काम संपल्यावर हातपाय धुवायला पाणी आणि साबण ठेवावा. ज्यांच्या मानेवर किंवा हातांवर आधीच चट्टे आहेत, त्यांना या कामावर घेऊ नये, मात्र त्यांचा रोज बुडता कामा नये. दुसरे काम द्यावे. शाळेच्या मुलांना तर या कामाला बोलावूच नये, फोटो कितीही चांगले येत असले तरी.

उपटून झाल्यावर जागा मोकळी ठेवली तर पुढच्या पावसात तेच होणार. तिथे टाकळ्याचे बी फेकावे. टाकळा दाट उगवतो आणि गाजर गवताला वर येऊ देत नाही. शिवाय कोवळा असताना त्याची भाजी होते, ती आपल्याकडे सगळ्यांना आवडते. हे गवत खाणारे मेक्सिकन भुंगेही आहेत. 1980 च्या दशकात बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी ते मेक्सिकोहून आणून सोडले, आणि पावसाळ्यात ते पानांची चाळण करतात. सगळे गवत ते संपवत नाहीत, पण ज्या प्लॉटच्या आत आपल्याला जाता येत नाही तिथे त्यांचा उपयोग आहे. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयाकडे पंचायतीने त्यांची चौकशी करावी.

प्लॉट ज्यांचे आहेत त्यांची जबाबदारी मोठी आहे. एमआयडीसीचे भूखंड, बिल्डरांच्या थांबलेल्या साइट, मेट्रो आणि पीएमआरडीएच्या रस्त्यांच्या कडा, आणि पुण्या-मुंबईत राहून इथे गुंठे घेऊन ठेवलेले मालक: या चौघांना मे महिन्यातच पंचायतीची पत्रे जावीत, जुलैपर्यंत गवत काढा म्हणून. गाव महापालिकेत जाणार की नाही, यावर वर्षानुवर्षे चर्चा चालू आहे. ते ठरेल तेव्हा ठरेल. गवत जूनमध्ये उगवणार आहे.

आणखी एक गोष्ट, जी माझ्या घरातली नाही तरी गावातली आहे. आपल्या हद्दीत बांधकामावर राबणारे हजारो मजूर पत्र्याच्या वसाहतींत राहतात, आणि त्या वसाहती नेमक्या याच गवतात उभ्या आहेत. त्यांच्या हातापायांवर दुसरा इसब असतो, सिमेंटचा. ओल्या सिमेंटने कातडी भाजते आणि त्यातल्या क्रोमियमची ॲलर्जी होते. भोसरी-चाकणच्या मशीन शॉपमध्ये कूलंटने हात फुटतात, त्यातलाच हा प्रकार. कामामुळे होणारा असा त्वचारोग कायद्यात कळवण्याजोगा आजार म्हणून नोंदलेला आहे. तपासणाऱ्या डॉक्टरने तो सरकारला कळवायचा असतो. मजुराला हे कोणी सांगत नाही. तो फुटलेल्या हातांना ग्रीस लावून दुसऱ्या दिवशी कामावर जातो. आशाताई वसाहतींत जातातच. मान, पापण्या, कोपराची खोबण आणि हात एवढेच पाहून, पावसाळ्यात वाढते का एवढे विचारून त्यांनी यादी केली, तर गावात नेमके किती लोक आहेत हे पहिल्यांदाच कळेल. त्या यादीवरून ससून किंवा पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयाला पंचायतीने पत्र लिहून त्वचारोग शिबिर मागावे. वैयक्तिक रुग्णाला तिथपर्यंत जायला एक दिवसाचा रोज बुडवावा लागतो. शिबिर गावात झाले तर तो वाचेल.

मी मागते आहे ते काम खर्चाचे नाही. हातमोजे, मास्क, काही बायकांचा पंधरवड्याचा रोज, चार पत्रे आणि टाकळ्याचे बी. या गवताचे बी जमिनीत वर्षानुवर्षे टिकते, त्यामुळे एका वर्षात ते संपणार नाही. पाच-सहा पावसाळे न चुकता काढावे लागेल, आणि पंचायतीत कोणीही निवडून आले तरी काम चालू राहील असा ठराव हवा.

1 मेच्या सभेला आबांना घेऊन मी येणार आहे. ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांनीही यावे आणि उभे राहून सांगावे. आपण विषय घ्यावा, ठराव मांडावा आणि जुलैची तारीख त्याच दिवशी जाहीर करावी, ही कळकळीची विनंती.

आपली,
माणची एक रहिवासी